वरच्या थरातली चिंधी

बोरपाडा
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रमोद,

जय भीम.

इथे रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर मिळते, आणि तिथे उभं राहून बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. आख्ख्या पाड्याला आपला संसार ऐकवण्यापेक्षा पत्र बरं. तुझ्या ओळखीचा जनू इथे शेजारीच राहतो, तो बुधवारी आणि रविवारी भाजीचा टेम्पो घेऊन उल्हासनगरच्या मार्केटला येतो. तो हे तुझ्या कारखान्यावर देईल. उत्तर त्याच्याच हातात दे.

आम्हाला इथे येऊन महिना झाला. घर बरं आहे. दोन खोल्या, पुढे पडवी, वर पत्रा. घरमालक शिवराम बदलापूरला मुलांकडे असतो, भाडं नावाला घेतो. तू म्हणाला होतास, "ताई, तिकडे खर्च निम्म्यावर येईल." भाड्यापुरतं ते खरं आहे. बाकीचं ऐक. गावात भाजी फुकट मिळते असं आपल्याला शहरात वाटतं, पण इथे प्रत्येक वांग्याला मालक आहे. गॅसची गाडी पाड्यावर येत नाही. टाकी बदलापूरहून आणायची, म्हणजे टाकीचे पैसे वेगळे, टेम्पोचं भाडं वेगळं. म्हणून गॅस फक्त स्वयंपाकाला. पाणी तापवायचा रॉड लावला की दिवे पिवळे पडतात आणि शेजारची म्हातारी हाक मारते, "आक्का, तुमचा अंगोल झाला का? आमचा टीव्ही बंद परला!"

आईचा तांब्याचा बंब सोबत आणला ते किती बरं झालं! कॅम्प तीनच्या खोलीत तो वीस वर्षं माळ्यावर पडून होता. इथे सकाळी पहिला तोच जागा होतो. पण त्याला लाकूड लागतं. जंगलातून आणायला बंदी आहे. जनूची बायको चिमी कधी एखादी मोळी देते, पण तीही दोन टेकड्या ओलांडून आणते. रोज कसं मागणार?

उल्हासनगरात थंडी म्हणजे पंखा दोनवर आणायचा, एवढंच आपल्याला माहीत. इथे मागे डोंगर, समोर धरणाचं पाणी. पहाटे पत्र्याला आतून दव धरतं आणि टपटप अंथरुणावर पडतं. तुझ्या दाजींची छाती तुला माहीतच आहे. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत सव्वीस वर्षं काढलेली. सकाळी बंब पेटला की त्याच्याजवळ पाट घेऊन बसतात, ते ऊन वर येईपर्यंत. म्हणतात, "कंपनीत बॉयलर होता, रिटायर झाल्यावर घरचा मिळाला."

काळजी करू नकोस. कॅम्पातल्या खोलीचं काम सुरू झालं का? स्लॅब पडायच्या आत आम्ही निघालो, हे चांगलं झालं. संध्याला आणि जितेशला आशीर्वाद.

तुझी,
यशोधराताई


उल्हासनगर कॅम्प ३
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

सविनय जय भीम.

तुझं पत्र कटिंग टेबलावरच वाचलं. शेजारचा पोऱ्या विचारत होता, "मास्टर, कोर्टाची नोटीस आली काय?" आता पत्र म्हटलं की लोकांना तेच सुचतं.

बंबाचं वाचून मला एक युक्ती सुचली. आमच्याकडे जीन्स कापून उरलेली चिंधी रोज पोत्यांनी निघते. धुलाईवाले तीच बॉयलरला जाळतात, हे तुला नव्याने सांगायला नको. शेठला विचारलं. तो म्हणाला, "प्रमोदभाई, ले जाओ ना, अपनी बहन के लिए क्या पूछना!" जनूच्या टेम्पोत दोन पोती टाकली आहेत. परतताना टेम्पो रिकामाच असतो, तो भाडं घेणार नाही म्हणाला. सुती माल आहे, लाकडापेक्षा छान पेटतो. आता लाकूड विकत घेऊ नकोस आणि चिमीकडे मागूही नकोस. संपली की कळव, हव्या तेवढ्या गोण्या पाठवतो.

खोलीबद्दल एक सांगायचं राहिलं. मिस्त्रीने पाहिलं. स्लॅब वाटला तेवढा वाईट नाही, प्लास्टर करून चालेल म्हणाला. आता १५ डिसेंबरला जितेशचं लग्न. मुलगी रिद्धी, अंबरनाथची, तुला फोटो दाखवला होता. आमच्या घरात चौघं कशी मावणार? म्हणून सध्या तरी त्या दोघांना खोलीत ठेवावं असं संध्या म्हणते. सध्या तरी. तुला वाईट वाटणार नाही हे मला माहीत आहे, तरी आधी सांगितलेलं बरं.

लग्नाला तुम्ही दोघं पाहिजेतच. दाजींसाठी मी गाडी करतो.

तुझा,
प्रमोद


बोरपाडा
८ डिसेंबर २०२४

प्रिय प्रमोद,

जय भीम.

दोन्ही पोती मिळाली. पोत्याचं तोंड सोडलं आणि निळ्या कापडाचा तो वास आला, तशी मी थेट तुमच्या कारखान्याच्या लाइनमधल्या बाकड्यावर जाऊन बसले. पंधरा वर्षं धागे कापले मी. नखात निळा रंग असायचा आणि आई म्हणायची, "भाकरी थापायच्या आधी हात दाखव." चिंधी चांगली पेटते. वरच्या थरातली तर फारच चांगली. जमलं तर पुढच्या वेळी वरच्या थरातली जास्त पाठव.

खोलीचं कळलं. नव्या जोडप्याला घर हवंच. त्या खोलीत आईबाबांचं आजारपण काढलं, आता तिथे लग्नाची हळद लागेल. वाईट कशाला वाटेल? मोरीच्या कोपऱ्यात पाणी मुरतं, तिथे मिस्त्रीला नीट बघायला सांग. आणि खिडकीची कडी वर उचलून लावावी लागते, हे रिद्धीला सांग.

सहा तारखेला यंदा दादरला जाता आलं नाही. पडवीतच बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. यांना थोडा खोकला आहे. थंडी फार वाढली. पहाटे पडवीत वारा घुसतो म्हणून जनूने तिला चारी बाजूंनी निळं प्लास्टिक बांधून दिलं. आता बंब आतच पेटवते, त्यामुळे ऊब राहते. जनू म्हणाला, "आक्का, तुमी त पडवीचा एसी केला, उलटा."

लग्नाला येण्याचा प्रयत्न करते. यांचं सांगता येत नाही. गाडी मात्र करू नकोस, उगाच खर्च.

ताई


उल्हासनगर कॅम्प ३
१८ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

जय भीम.

लग्न झालं. हॉल भरला होता. सगळे विचारत होते, "यशोधरा कुठेय?" मी सांगत होतो, दाजींना खोकला आहे. तिसऱ्या-चौथ्या वेळी सांगताना माझं मलाच खोटं वाटायला लागलं. साध्या खोकल्यासाठी सख्खी आत्या लग्न चुकवते का? जितेशला पाच वर्षांचा होईपर्यंत तू कडेवर वागवलंस. तो स्टेजवरून सारखा दाराकडे बघत होता.

ताई, खोलीचा राग असेल तर सरळ लिही. खोली बाबांनी माझ्या नावावर केली ती काही मी मागून घेतली नव्हती. त्यांचं सगळं तू केलंस, हे मी कधी नाकारलं नाही. पण मलाही एक मुलगा आहे. बदलापूरला दोन खोल्यांचं भाडं विचारून बघ, डोळे पांढरे होतील. पाड्यावरचं घर मी जनूला चार वेळा फोन करून शोधलं ते काय तुम्हाला हाकलायला?

जाऊ दे. चिंधीची तीन पोती पाठवतोय. थंडी वाढली म्हणालीस म्हणून एक जास्त. लग्नाची मिठाई जनूकडे दिली आहे, त्याने वाटेत खाल्ली नाही तर पोचेल. दाजींना बंबाजवळच बसू दे, बाहेर फिरू देऊ नकोस.

प्रमोद


बोरपाडा
४ जानेवारी २०२५

प्रिय प्रमोद,

जय भीम.

उत्तराला उशीर झाला. राग नाही. मिठाई पोचली, जनूने एकच लाडू खाल्ला आणि स्वतःच कबूल केला.

जनूबरोबर आईचा बंब पाठवते आहे. खालची जाळी बसली आहे, राख पडत नाही आणि धूर मागे फिरतो. कॅम्पात झाळकाम करणारा असेल, त्याला परस्पर दे. तू उघडून बघत बसू नकोस, हात काळे होतील. घाई नाही. सध्या अंघोळीचं पाणी गॅसवरच तापवते, थोडंच लागतं.

हे आराम करताहेत. चिंधी सध्या पाठवू नकोस. खूप शिल्लक आहे.

रिद्धीला चहात आलं आवडतं का ते विचार. तिच्यासाठी चिमीने परसातलं दिलं आहे.

ताई


उल्हासनगर कॅम्प ३
१२ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

मी बंब उघडला.

तू नको लिहिलंस म्हणूनच उघडला. जाळी कुठे दिसतच नव्हती. तिच्यावर काळा, चकचकीत गोळा बसला होता, डांबर ओतून थिजवल्यासारखा. छिन्नीने एक टवका काढला. मी कटिंग मास्टर आहे, ताई. सुती कापड जळलं की राख होते, फुंकली तर उडते. लायक्राचा ताणणारा कपडा मात्र वितळतो. तो असा चिकटून बसतो आणि त्याचा धूर घशाला चावतो. आमच्या धुलाईतला बॉयलरवाला महिपती त्याच धुराने दोन वर्षांत घरी बसला. हे मला पोती भरायच्या आधी माहीत होतं.

बुधवारी जनूला विचारलं, "खरं सांग, दाजी कुठे आहेत?" तो मान खाली घालून म्हणाला, "आक्कानी शपथ घातलीय. बदलापूरला ॲडमिट हायेत, चार दिस झाले. नाकाला नली लावलीय."

आता सगळं लिहितो. थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

आमच्याकडे दोन्ही कपडे कापतात. सुती चिंधीला धुलाईवाले पैसे देतात, लायक्राची कोणी घेत नाही. शेठ म्हणाला होता, "प्रमोदभाई, वो स्ट्रेचवाला ले जाओ, फ्री. कॉटन का तो मेरे को पैसा मिलता है." मी स्ट्रेच भरली. लाज वाटली म्हणून दोन ओंजळी सुती चिंधी मागून घेतली आणि प्रत्येक पोत्याच्या तोंडाशी पसरली. संध्या बघत होती. म्हणाली, "पोतं आहे की लग्नाचा रुखवत? एवढं काय सजवताय?" मी तिच्यावर ओरडलो. तुझं पत्र आलं, 'वरच्या थरातली जास्त पाठव', तेव्हा ते वाक्य मी तीनदा वाचलं. पण मी स्वतःला समजावलं की ताई सहज लिहिते आहे. आणि पुढची तीन पोती तशीच भरली. वर 'दाजींना बंबाजवळ बसू दे' असंही लिहिलं. ते माझंच अक्षर आहे.

खोलीचंही ऐक. स्लॅब पडणार असं कोणत्याही मिस्त्रीने सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं. जितेशचं लग्न तेव्हाच ठरत आलं होतं. मी 'खोली रिकामी कर' म्हणालो असतो तर तू एका शब्दाने नाही म्हणाली नसतीस, हे मला माहीत होतं. पण मग मी मागितली असं झालं असतं. म्हणून स्लॅबला पाडलं. गावात खर्च निम्मा, हेही मी कुणाला न विचारता ठोकून दिलं. ती पडवी, ते प्लास्टिक, तो बंब, सगळं त्यातून आलं.

शुक्रवारी कारखान्यातून अर्धा दिवस घेऊन बदलापूरला आलो. हॉस्पिटल सापडलं. समोर शहाळीवाला आहे, त्याच्या गाडीपाशी तासभर उभा राहिलो. दोन शहाळी घेतली, ती हातातच राहिली. जिना चढलो नाही. दाजींनी 'काय रे पम्या' अशी हाक मारली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. परत आलो.

जितेशला काल सगळं सांगितलं. तो आज सकाळी म्हणाला, बदलापूरजवळ सोनिवलीला नव्या बिल्डिंगमध्ये त्याच्या मित्राची एक खोली भाड्याने आहे, ते दोघं तिकडे जातात. तुम्ही कॅम्पातल्या खोलीत परत या. कागदही तुझ्या नावावर करू.

बंब दुरुस्त करून पाठवतोय. नवी जाळी आहे. सोबत एक पोतं चिंधी, शेठला पैसे देऊन घेतलेली, तोंडापासून तळापर्यंत सुती. उलटं करून बघ.

प्रमोद


बदलापूर
१६ जानेवारी २०२५

प्रिय प्रमोद,

जय भीम.

नळी काल काढली. हे बसून पेज खातात आणि नर्सला विचारतात, वॉर्डाच्या ओल्या भिंतीला चुना कसा लावायचा ते सांगू का. तेव्हा पहिली भीती गेली असं समज. डॉक्टर म्हणाले, धूर एकदम बंद, दमट घर बंद. म्हणजे पाडा संपला.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस ते सगळं मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, खोलीचं सोडून. पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. पंधरा वर्षं ज्या बोटांनी तो कपडा ओढून पाहिला, त्यांना ताण कळणार नाही का? एक तुकडा ओढला, लांब झाला, सोडला, परत जागेवर आला. वाटलं, पोती जनूबरोबर परत पाठवावीत. मग वाटलं, पाठवली तर भावाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. लिहिलं ते एवढंच, की वरच्या थरातली पाठव. म्हटलं समजेल. तू समजलास आणि नाही समजलास.

पण प्रमोद, जाळली मी. सुती निवडून घरातल्या शेगडीला ठेवत होते, लायक्रा बंबाला. आधी बंब अंगणात होता, धूर डोंगराकडे जायचा. मग थंडी वाढली आणि मी तो प्लास्टिकच्या आत घेतला. काळा धूर डोळ्यांनी दिसत होता. हे त्याच्याजवळ पाट घेऊन बसत होते आणि म्हणायचे, "यशोधरा, आज ऊब छान आहे." मी त्यांना उठवलं नाही. लाकूड विकत घ्यायचं तर यांच्या औषधातून घ्यावं लागलं असतं, आणि कोणाकडे मागायची मला लाज वाटत होती. दुसऱ्या आठवड्यात थुंकी काळी आली, तीही मी राखेने झाकली. लग्नाला यांना घेऊन कशी येणार होते? तुला साध्या खोकल्याचं लिहिलं. म्हणजे खोटं दोन्हीकडून गेलं आणि दोन्हीकडून पोचलं. तुझं किती आणि माझं किती, हे मी रोज या खाटेच्या पायथ्याशी बसून मोजते. जमत नाही.

खोलीत आम्ही परत येणार नाही. लग्नाला महिना झालेल्या पोरीला तू बाहेर काढणार, आणि ती आयुष्यभर मला त्याच नजरेने बघणार. एक चूक निस्तरायला दुसरी नको. सोनिवलीची खोली जितेशने पाहिली आहे ना? ती आम्ही घेतो. हॉस्पिटल जवळ आहे, टाकी दारात येते, वर पत्रा नाही. तिथे शेगडी नको, बंब नको. बंब रिद्धीला दे. पेटवायला नाही. आईचा आहे म्हणून.

पोतं चिमीच्या ओट्यावर ठेवलं आहे. ती त्याची वाकळ शिवणार म्हणते, पाड्यावर थंडी अजून महिनाभर आहे. तू उलटं करून बघ म्हणालास. मी नाही बघितलं.

माफ केलं असं मी लिहीत नाही, कारण मला स्वतःला अजून ते जमलेलं नाही. पण एक काम सांगते. सोनिवलीचं भाडं तू भरायचं. बँकेतून नाही आणि जितेशच्या हातूनही नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वतः घेऊन यायचं आणि दाजींच्या हातात द्यायचं. ते 'काय रे पम्या' म्हणतील. तेवढं तुला ऐकावं लागेल.

त्याआधी या रविवारी इथे ये. यांचं अंथरूण दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीला लागून. खिडकीतून ती शहाळ्यांची गाडी दिसते. शुक्रवारी नाकात नळी असताना यांनी बोटाने मला खाली दाखवलं. तू दोन्ही हातांत शहाळी धरून उभा होतास. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी उशाशी ठेवलेला कप उचलून दोन बोटं वर केली. मी खाली जाऊन दोन चहा आणले. एक माझा मी प्यायले. दुसऱ्यावर बशी झाकून ठेवली आणि आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो.

ताई